चषक वितळवून सोडवलेली माणसे

ख्रिस्ती उपासनेत चषक आणि तबक यांना जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही वस्तूला नाही. द्राक्षारस चषकात आणि भाकर तबकात ठेवून वेदीवर वाहिली जाते. एकदा वेदीवर चढलेले भांडे पुन्हा घरगुती वापरात आणायचे नाही, विकायचे नाही, गहाण टाकायचे नाही, हा दंडक फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरियाच्या बाजूला सिद्ध झालेल्या ‘प्रेषितांचे नियम’ या संग्रहातल्या ७३व्या नियमानुसार, वाहिलेले सोन्याचांदीचे पात्र किंवा वस्त्र स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्याला मंडळीच्या सहभागितेतून बाहेर ठेवायचे होते. आणि त्याच काळापासून पुढची दोनशे वर्षे, मिलानपासून तिग्रिस नदीकाठच्या आमिदापर्यंत, एकामागून एक बिशपांनी हीच पात्रे फोडून वितळवली आणि त्या सोन्याचांदीने युद्धातले बंदिवान सोडवले, दुष्काळातली माणसे जगवली. नियम मोडल्याचा ठपका काहींवर आला, पण शेवटी त्यांची कृती नियमातच सामावली गेली.

मंडळीचे सोनेनाणे आणि गोरगरीब यांचा संबंध सुरुवातीपासूनच जवळचा होता. इ. स. ३०३मध्ये सम्राट डायोक्लेशनच्या छळाच्या काळात उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावी, म्हणजे आजच्या अल्जेरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरी, रोमन अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती मंडळीच्या घरावर जप्ती आणली. तिची यादी आजही उपलब्ध आहे. तीत सोन्याचे २ चषक, चांदीचे ६ चषक आणि चांदीचे दिवे आहेत; त्यांच्याच खाली बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६ अंगरखे, बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड अशा नोंदी येतात. हे कपडे गरजूंना वाटण्यासाठी ठेवलेले असावेत, असे अभ्यासक मानतात. चषक आणि गरिबाचा अंगरखा एकाच कोठीत होता, ही बाब पुढचा सगळा इतिहास समजून घेताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इ. स. ३१३नंतर ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली आणि दानांचा ओघ वाढला. सम्राट, सरदार, श्रीमंत विधवा चर्चला सोन्याचांदीची पात्रे आणि जरीची वस्त्रे अर्पण करू लागल्या. दिलेली वस्तू वेदीवर दिसत राहावी, अशी दात्याची साहजिक इच्छा असे. संपत्ती आली तशी ती सांभाळण्याची चिंता आली आणि तिच्यासोबत नियमही आले.

नियमाला धरून आणि नियमापलीकडे पाहणारे उदाहरण मात्र शुभवर्तमानातच होते. शब्बाथाच्या दिवशी शेतातून जाताना येशूच्या भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडली. परूशी पंथाच्या लोकांनी हरकत घेतली, तेव्हा येशूने दाविदाची गोष्ट सांगितली. राजा शौलापासून पळत असलेला दावीद नोब गावी मंदिरात आला, तेव्हा तेथे फक्त याजकांनीच खायची समर्पित भाकर होती. याजकाने ती दाविदाला आणि त्याच्या माणसांना दिली. शब्बाथ माणसासाठी केलेला आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, असा या संवादाचा आशय मार्काने नोंदवला आहे. येथे शब्बाथ रद्द होत नाही आणि समर्पित भाकरीचे पावित्र्यही नाकारले जात नाही. नियम कशासाठी घातला गेला, एवढाच प्रश्न विचारला जातो. चषक वितळवणाऱ्या बिशपांनी विचारलेला प्रश्नही तोच होता.

या वाटेने जाणाऱ्या पहिल्या ठळक व्यक्तीला त्याची किंमत मोजावी लागली. चौथ्या शतकाच्या मध्यास जेरुसलेमच्या परिसरात दुष्काळ पडला. उपाशी लोक बिशप सिरिलच्या दाराशी आले आणि त्याच्याकडे पैसा उरला नव्हता. म्हणून त्याने चर्चमधली मौल्यवान पात्रे आणि पडदे विकले. इतिहासकार सोझोमेनने पुढची हकिकत दिली आहे. एका माणसाने वेदीला अर्पण केलेले वस्त्र त्याला नाट्यगृहातल्या एका नटीच्या अंगावर दिसले. त्याने माग काढला. नटीने ते व्यापाऱ्याकडून घेतले होते आणि व्यापाऱ्याने बिशपाकडून. कैसरियाचा बिशप अकाकियस आणि सिरिल यांच्यात अधिकारावरून आणि धर्ममतांवरून आधीच वैर होते. अकाकियसला आयतेच निमित्त मिळाले आणि इ. स. ३५७च्या सुमारास सिरिलला पदावरून दूर करण्यात आले. पुढे तो पदावर परतला आणि आज त्याची गणना संतांत होते. मंडळीची संपत्ती विकल्याचा आरोप प्रतिस्पर्ध्याला खाली खेचायला सोयीचा आहे, हे मात्र या प्रकरणाने दाखवून दिले. इ. स. ४०३मध्ये कॉन्स्टंटिनोपलचा बिशप जॉन क्रिसोस्टोम याच्याविरुद्धच्या आरोपपत्रातही हाच आरोप होता. उपाशी माणूस दाराशी असताना ख्रिस्ताची वेदी सोन्याने मढवण्यात अर्थ नाही, हे अंत्युखियातल्या प्रवचनांतून क्रिसोस्टोमने वारंवार सांगितले होते. त्याने दाने देण्याला विरोध केला नव्हता. आधी माणूस आणि मग अलंकार, एवढा क्रम त्याने लावून दिला होता.

या कृतीमागची भूमिका सविस्तर मांडणारा पहिला लेखक मिलानचा बिशप अँब्रोज. ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलच्या लढाईत गॉथ टोळ्यांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला आणि सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. त्यानंतर थ्रेस आणि इलिरिया प्रांतांतली माणसे पकडून बाजारोबाजारी विकली जाऊ लागली. अँब्रोजने मिलानच्या चर्चमधली पात्रे फोडून त्यांना सोडवले. ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणाऱ्या एरियन मताच्या विरोधकांनी त्यावरून गिल्ला केला. सुमारे दहा वर्षांनी धर्मसेवकांच्या कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात अँब्रोजने त्याला उत्तर दिले.

त्याचे म्हणणे असे. ज्याने प्रेषितांना सोने न देता जगात पाठवले, त्याने सोन्याविनाच मंडळ्या उभ्या केल्या. मंडळीकडचे सोने साठवण्यासाठी नसून खर्चण्यासाठी आहे. इतक्या माणसांना उपाशी का मरू दिलेस, इतके बंदिवान विकले गेले तेव्हा त्यांना का सोडवले नाहीस, असे प्रभूने विचारले तर मंदिराचे अलंकार कमी पडतील या भीतीने, असे उत्तर देता येणार नाही. धातूची पात्रे राखण्यापेक्षा जिवंत पात्रे राखणे श्रेयस्कर. ख्रिस्ताच्या रक्ताने माणसाची सुटका झाली अशी श्रद्धा आहे, तर ते रक्त धारण करणाऱ्या चषकानेही माणसाची सुटका व्हावी. चषकाचे खरे काम त्यात दिसते. या ठिकाणी अँब्रोजने तिसऱ्या शतकातल्या लॉरेन्सची कथा सांगितली आहे. इ. स. २५८मध्ये रोमच्या अधिकाऱ्याने मंडळीचा खजिना मागितला, तेव्हा डीकन लॉरेन्सने शहरातले गोरगरीब गोळा करून त्याच्यापुढे उभे केले आणि हाच आमचा खजिना, असे सांगितले.

पण अँब्रोज नियम झुगारणारा माणूस नव्हता. त्याने ही तोडफोडही शिस्तीने करायला लावली. आधी मंडळीत वेदीवर न वाहिलेली पात्रे आहेत का ते पाहावे आणि ती संपली तरच वाहिलेल्यांना हात लावावा. पात्र चषकाच्या रूपात चर्चबाहेर जाऊ नये, नाहीतर ते कोणाच्या तरी मेजवानीत मद्यासाठी वापरले जाईल. म्हणून ते आतच फोडून वितळवावे आणि मग धातू म्हणून बाहेर द्यावे. जेरुसलेमला नटीच्या अंगावर दिसलेल्या वस्त्राची आठवण येथे होते. पात्राविषयीचा आदर अँब्रोजने कोठेही सैल केलेला नाही, आणि म्हणूनच त्याचे म्हणणे पुढच्या पिढ्यांना स्वीकारणे सोपे गेले. त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीननेही हिप्पोचा बिशप असताना बंदिवानांसाठी आणि गरिबांसाठी पात्रे फोडून वितळवली. काहींना ते रुचले नाही, असे त्याचा चरित्रकार पोसिदियस लिहितो. याच सुमारास गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात, तुलूझचा बिशप एक्सुपेरियस याने सगळे गरिबांना देऊन टाकले होते. ख्रिस्तशरीर वेताच्या टोपलीत आणि ख्रिस्ताचे रक्त काचेच्या पेल्यात वाहून नेणाऱ्या या माणसापेक्षा श्रीमंत कोणी नाही, अशा अर्थाची वाखाणणी जेरोमने एका पत्रात केली आहे.

आतापर्यंतची सुटका आपल्या माणसांची होती. आमिदाच्या अकाकियसने त्यापुढचे पाऊल टाकले. हा कैसरियाच्या अकाकियसहून वेगळा. आमिदा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले दियारबाकीर. इ. स. ४२१–४२२मध्ये रोम आणि इराणचे सासानी साम्राज्य यांच्यात युद्ध पेटले. इराणात ख्रिस्ती लोकांचा होणारा छळ हे त्या युद्धाचे एक कारण होते. रोमन सैनिकांनी सरहद्दीवरच्या मुलखातून सुमारे ७००० इराणी बंदिवान धरून आणले. सैनिक त्यांना परत द्यायला तयार नव्हते आणि बंदिवान उपासमारीने मरत होते. इतिहासकार सॉक्रेटिसच्या वृत्तान्तानुसार अकाकियसने आपल्या धर्मगुरूंना एकत्र बोलावले. देव खात नाही, पीत नाही, तेव्हा त्याला ताटवाट्यांची गरज नाही, असे त्याने त्यांना सांगितले. भाविकांच्या औदार्याने जमलेली सोन्याचांदीची पात्रे विकून या माणसांना सोडवावे, हा त्याचा प्रस्ताव होता. पात्रे वितळवली गेली. सैनिकांना खंडणी मिळाली, बंदिवानांना काही दिवस पोटभर अन्न मिळाले आणि शेवटी वाटखर्च देऊन त्यांना त्यांच्या राजाकडे रवाना करण्यात आले. राजा पाचवा बहराम चकित झाला आणि त्याने या बिशपाला भेटण्याची इच्छा दर्शवली. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने अकाकियसला तिकडे जाण्याची आज्ञा केली.

बहरामच्या राज्याचा धर्म जरथुश्त्री होता, ज्याचे अनुयायी काही शतकांनी पारशी म्हणून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. स्वधर्मीयांना छळणाऱ्या राज्याच्या प्रजेसाठी वेदीवरचे पात्र मोडणे, हे या इतिहासातले सर्वांत उंच टोक म्हणावे लागेल. अँब्रोजच्या ग्रंथात अशा प्रसंगाचा विचार नव्हता. अकाकियसला तो उपाशी माणसे समोर पाहून सुचला.

इ. स. ४५५च्या जून महिन्यात व्हँडल राजा गायसेरिकने रोम लुटले आणि हजारो माणसे जहाजांत भरून आफ्रिकेला नेली. कार्थेजच्या धक्क्यावर त्यांची वाटणी सुरू झाली, तेव्हा नवरा एकाच्या वाट्याला आणि बायको दुसऱ्याच्या, आईबाप एकीकडे आणि लेकरे भलतीकडे, अशी ताटातूट होऊ लागली. कार्थेजला बराच काळ बिशप नव्हता. आदल्याच वर्षी वृद्ध देओग्रातियासची नेमणूक झाली होती. कुटुंबे फुटू नयेत म्हणून त्याने उपासनेची सोन्याचांदीची सगळी पात्रे विकून माणसे सोडवली. त्यांना ठेवायला जागा पुरेना, तेव्हा शहरातली दोन मोठी चर्चे मोकळी करून तेथे खाटा आणि गवताचे बिछाने घातले. समुद्रप्रवासाने आजारी पडलेल्यांसाठी वैद्य आणले. म्हातारा बिशप रात्रीअपरात्री बिछान्याबिछान्याशी जाऊन कोण कसे आहे ते पाहत असे. व्हितेचा बिशप व्हिक्टर याने ही हकिकत पुढे तीसेक वर्षांनी लिहून ठेवली. पात्रे गेली आणि मंदिराचे रुग्णालय झाले. उपासनेच्या नियमांच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा लहान नव्हती.

सहाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण गॉलमधल्या आर्लचा बिशप सिझेरियस याच्या आयुष्यात नियम आणि माणूस यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते, कारण तो स्वतः नियम करणाऱ्यांपैकी होता. इ. स. ५०६मध्ये आग्द येथे भरलेल्या धर्मसभेचे अध्यक्षस्थान त्याच्याकडे होते. मंडळीची घरे, दास आणि उपासनेची पात्रे बिशपाने विश्वस्ताप्रमाणे सांभाळावीत, विकू नयेत, असे त्या सभेने ठरवले. कारणही दिले: या वस्तूंवर गरिबांचे पोट चालते. दोनच वर्षांत फ्रँक आणि बर्गुंडी सैन्याचा आर्लभोवतीचा वेढा ऑस्ट्रोगॉथांनी उठवला आणि शत्रूचे बंदिवान शहरात एवढे आले की चर्चे त्यांनी भरून गेली. सिझेरियसने आधी त्यांना अन्नवस्त्र पुरवले. मग आधीच्या बिशपाने ठेवलेली शिल्लक खर्च केली. तीही संपली तेव्हा चषक, तबके, धूपदाण्या वितळवल्या आणि खांबांवरची चांदीची नक्षी कुऱ्हाडीने तोडून काढली. कुऱ्हाडीचे घाव खांबांवर अजून दिसतात, असे त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे.

कुरकुर करणाऱ्या धर्मगुरूंना तो विचारी की त्यांच्यापैकी कोणी बंदिवासात पडला, तर देवाला वाहिलेल्या चांदीने आपली सुटका व्हावी असे त्याला वाटेल की नाही. येशूने शेवटचे भोजन चांदीच्या ताटात केले नव्हते, याचीही तो आठवण देई. इ. स. ५१३मध्ये राव्हेन्ना येथे ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक याने त्याला चांदीचे एक मोठे ताट आणि सोन्याची ३०० नाणी भेट दिली. ताटाचे वजन ६० रोमन रत्तल, म्हणजे सुमारे वीस किलो होते. तिसऱ्या दिवशी ते राव्हेन्नाच्याच बाजारात उघडपणे विक्रीला निघाले आणि त्या पैशातून बंदिवान सुटू लागले. राजाला ते समजले, आणि त्याने कौतुकच केले.

आग्दचा नियम सिझेरियसने मोडला, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. पात्रे विकू नयेत कारण ती गरिबांची आहेत, हे नियमाचे कारण होते. गरीब संकटात असताना ती राखून ठेवली असती तर अक्षर टिकले असते आणि कारण हरवले असते. तरीही त्या काळाची मर्यादा याच नियमात दिसते. घरे आणि भांडी यांच्या जोडीने दासांचा उल्लेख मंडळीची मालमत्ता म्हणूनच येतो. युद्धात धरलेल्या माणसाला सोडवण्यासाठी चषक मोडणाऱ्या मंडळीने स्वतःच्या शेतावर राबणाऱ्या दासाकडे त्याच नजरेने पाहिले नाही. ही उणीव मोठी होती, आणि ती पुढे अनेक शतके तशीच राहिली.

बिशपांच्या या कृतीला राजसत्तेच्या कायद्यात जागा मिळवून दिली सम्राट जस्टिनियनने. इ. स. ५२९च्या आज्ञेत त्याने पवित्र पात्रे आणि वस्त्रे विकण्याला वा गहाण टाकण्याला कडक बंदी घातली आणि बंदिवास व दुष्काळ हे अपवाद त्याच आज्ञेत घातले. कारण देताना कायद्याच्या भाषेतच त्याने म्हटले की, माणसांचे जीव कोणत्याही पात्रांपेक्षा किंवा वस्त्रांपेक्षा वरचढ मानण्यात काही वावगे नाही. इ. स. ५३३मध्ये कायदा शिकणाऱ्यांसाठी तयार झालेल्या पाठ्यग्रंथातही बंदिवानांच्या सुटकेचा अपवाद आला. म्हणजे जी कृती सिरिलच्या पदच्युतीला निमित्त ठरली, ती पावणेदोनशे वर्षांनी विद्यार्थ्यांच्या पुस्तकात पोहोचली.

रोमचा पोप पहिला ग्रेगरी (५९०–६०४) याच्या पत्रव्यवहारात या प्रथेची रोजच्या व्यवहारातली बाजू दिसते. इटलीतल्या फर्मो येथे एका कुटुंबाला तिथल्या दिवंगत बिशपाने मंडळीची ११ रत्तल चांदी देऊन शत्रूच्या हातून सोडवले होते. नवा बिशप ती चांदी परत मागेल, अशी धास्ती त्या कुटुंबाला होती. अशा कारणासाठी खर्चलेली रक्कम परत मागता येणार नाही, असे ग्रेगरीने लेखी कळवले. सुटलेल्या माणसाच्या डोक्यावर कर्ज राहू द्यायचे नाही, ही काळजी अँब्रोजच्या युक्तिवादाइतकीच मोलाची आहे.

नंतरच्या शतकांत अशी उदाहरणे विरळ होत गेली, पण थांबली नाहीत. इंग्लंडात विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड (९६३–९८४) याने दुष्काळात चर्चची चांदीची पात्रे तोडून लोकांना अन्न पुरवले. देवाच्या प्रतिरूपात घडलेली माणसे उपासमारीने मरत असताना मुका धातू शाबूत राहावा हे त्याला सहन होईना, असे त्याचे चरित्रकार सांगतात. इ. स. ११४०च्या सुमारास इटलीत ग्रेशियनने धर्मनियमांचा जो संग्रह केला, त्यात अँब्रोजचा उतारा समाविष्ट झाला आणि युरोपभरच्या विद्यापीठांत शिकवला जाऊ लागला. भूमध्य समुद्रावर चाचेगिरी वाढली तशी सुटकेच्या कामासाठी स्वतंत्र संघ निघाले. इ. स. ११९८मध्ये मान्यता मिळालेला ट्रिनिटेरियन संघ उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बंदिवानांसाठी बाजूला काढत असे. १२१८मध्ये बार्सिलोनात सुरू झालेल्या मर्सिडेरियन संघाचे सदस्य, वेळ पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे चौथे व्रत घेत. ‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हान्टिस पाच वर्षे अल्जीअर्समध्ये कैदेत होता, १५८०मध्ये ट्रिनिटेरियनांनी सोन्याच्या ५०० नाण्यांची खंडणी भरून त्याला सोडवले.

विसाव्या शतकात हा प्रश्न रशियात फार वेगळ्या रूपाने उभा राहिला. व्होल्गा खोऱ्यातल्या १९२१च्या भीषण दुष्काळात रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख पॅट्रिआर्क तिखोन याने मदतनिधी उभारला आणि वेदीवर न वाहिलेल्या मौल्यवान वस्तू देण्यास १९२२च्या फेब्रुवारीत परवानगी दिली. २३ फेब्रुवारीला सोव्हिएत सरकारने सक्तीच्या जप्तीचा हुकूम काढला, तेव्हा ‘प्रेषितांचे नियम’मधल्या त्याच ७३व्या नियमाचा आधार घेऊन वाहिलेली पात्रे देण्यास त्याने मनाई केली. १५ मार्चला शुया गावी जप्तीला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. चारच दिवसांनी लेनिनने सहकाऱ्यांना गुप्त पत्र लिहिले: दुष्काळाच्या या घडीलाच चर्चचा विरोध निर्दयपणे मोडून काढता येईल. तिखोनने नियमाला माणसापेक्षा मोठे मानले, असा निकाल वरवर देता येईल, पण तो न्याय्य होणार नाही. अँब्रोज आणि अकाकियस यांनी आपल्याच ताब्यातली पात्रे आपल्या हाताने, बंदिवान डोळ्यांसमोर असताना मोडली होती. रशियात पात्र हिसकावणाऱ्या हाताचा हेतूच संशयास्पद होता. तरीसुद्धा मूळ नियमात मनाई होती ती स्वतःच्या वापरासाठी पात्र घेण्याला. अन्नासाठी ते विकण्याची वाट जुन्या बिशपांनी मोकळी करून ठेवली होती, हेही तितकेच खरे.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मनियमसंहितेत उपासनेला वाहिलेल्या वस्तू आदराने हाताळाव्यात आणि ऐहिक वापरात आणू नयेत, हा नियम कायम आहे. ३० डिसेंबर १९८७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सामाजिक प्रश्नांवर काढलेल्या परिपत्रकाच्या ३१व्या परिच्छेदात, गरजू माणसे समोर असताना चर्चमधले अनावश्यक अलंकार आणि उंची साहित्य यांना प्राधान्य देता येत नाही, असे म्हटले आहे. उलट, अन्न, पाणी, वस्त्र आणि निवारा पुरवण्यासाठी ते विकणे हे कर्तव्यही ठरू शकते. या विधानाला आधार म्हणून क्रिसोस्टोमचे प्रवचन, अँब्रोजचा ग्रंथ आणि पोसिदियसने लिहिलेले ऑगस्टीनचे चरित्र यांचे दाखले जोडलेले आहेत.